वेणी घातलेली वायर

माझ्या ओळखीच्या एका घरात सध्या वायरीवरून वाद पेटलाय. घर वर्ध्याच्या रामनगरातलं, वाद मामा-भाच्यातला. मामा वीज मंडळाच्या मीटर तपासणीतून निवृत्त झालेले. भाचा शाळेत संगीत शिकवतो. भाच्याने कॉम्प्युटरला लावतात ती लॅन केबल आणली, वरचं निळं आवरण सोलून काढलं आणि आतल्या रंगीत जोड्यांची तीन पदरी वेणी घालून स्पीकरची केबल घरीच तयार केली. ती लावल्यापासून तानपुरा वेगळाच ऐकू येतो, असं तो सांगतो. मामांनी यावर एकच शब्द उच्चारला, तो छापण्याजोगा नाही. पुढचं बोलणं मात्र छापण्याजोगं आहे, म्हणून देतो. मी मधे कमीच बोललो.

मामा : मला आधी एवढं सांग बाबू, पहिल्या वायरीत काय वाईट होतं?

भाचा : बारीक होती, मामा. टेबल फॅनची. तेवीस-शहात्तर.

मामा : टेबल फॅनची म्हणून हिणवू नको. तेवीस तारा, एकेक तार इंचाच्या शहात्तर दशसहस्रांश जाडीची. हिशेब केला तर पाऊण चौरस एमएमच्या जरा आत बसते. पंखा जन्मभर चालतो तिच्यावर.

भाचा : पंख्याला सूर लावायचा नसतो.

मामा : अन् वायरीलाही नसतो! सूर लावतात वसंतराव देशपांडे. वायरीनं फक्त करंट न्यायचा. तिला ना भीमपलास समजत ना भैरवी.

भाचा : मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तेव्हा काय करतो? केसभर घासतो. तारेखाली दोरा इकडचा तिकडे सरकवला की सगळा झंकार बदलतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून काय फरक नसतो?

मामा : असतो. अन् मोजताही येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे जे वरचे स्वरांश उमटायलाच नको, ते तंबोऱ्यात उमटतात. कशामुळे? त्या रुंद, गोलसर घोडीमुळे अन् दोऱ्यामुळे. हे त्यांनी दाखवून दिलं.

भाचा : रामन यांच्या कितीतरी आधीपासून कारागिराला ते कानानं ठाऊक होतं ना? म्हणजे आधी कान, मग मीटर.

मामा : हौ. पण कारागिरानं घोडीच घासली. तंबोऱ्याची खोळ घासत नाही बसला.

या वाक्यावर भाचा हसला, आणि इथून वाद जरा कामाचा झाला. मामांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ते मी थोडक्यात सांगतो, कारण सगळ्या भांडणाचं मूळ त्यात आहे. अँपपासून स्पीकरपर्यंत पाच मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. तेवीस-शहात्तरच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स पाव ओहमच्या आसपास येतो. अडीच चौरस एमएमच्या वायरीत तोच आठ शतांश ओहम. स्पीकर सहा ओहमचा म्हटला तर बारीक वायरीत सुमारे ०.३७ डेसिबल आवाज वाटेतच जिरतो, जाड वायरीत ०.१२.

भाचा : म्हणजे फरक आहे.

मामा : पाव डेसिबल! तेवढा तर तू खुर्चीत जरासा मागे टेकलास तरी पडतो.

भाचा : थांबा मामा. सहा ओहम ही स्पीकरच्या मागच्या पाटीवरची गोष्ट. खरा स्पीकर सगळ्या सुरांना सहा ओहम नसतो. खाली कुठेतरी वीसपर्यंत चढतो, मधे चारपर्यंत उतरतो. मग तुमच्या टेबल फॅनच्या वायरीत चार ओहमच्या जागी जास्त जिरणार, वीसच्या जागी कमी. बरोबर?

मामा : (गणित करत) चारला ०.५५. वीसला ०.११.

भाचा : म्हणजे नुसता आवाज कमी नाही झाला. काही सूर दाबले गेले, काही नाही गेले. गाण्याचा तोल बदलला. अन् तुम्ही म्हणून राहिले होते, वायरीला भीमपलास समजत नाही.

मामा काही वेळ गप्प होते. निवृत्त माणसाला गणितात गाठणं सोपं नसतं. भाच्याने ते केलं. अर्थात हा तोल अर्ध्या डेसिबलच्या आतला आहे आणि तो ऐकू येतो की नाही यावर दोन पानं लिहिता येतील. पण ‘सगळ्या वायरी सारख्याच’ हा मामांचा पहिला सूर त्यांच्याच वहीत पडला, हे नोंदवलं पाहिजे.

मामा : ठीक आहे. जाडी महत्त्वाची, लांबी महत्त्वाची. हे मी कधी नाकारलं? पण मग अडीच एमएमची घरातली वायर आण, ओढ अन् मोकळा हो. वेणी कायले पाहिजे?

भाचा : वेणीनं इंडक्टन्स कमी होतो. जाणारी अन् येणारी तार एकमेकींना जितक्या बिलगून, तितका कमी. वरच्या सुरांना अडथळा कमी.

मामा : साध्या जोड वायरीचा मीटरमागे धर पॉइंट सहा मायक्रोहेन्री. पाच मीटरचे तीन. वीस हजार हर्ट्‌झला त्याचे होतात ओहमच्या चार दशांशाला थोडे कमी, अन् तेही काटकोनात. स्पीकरच्या सहा ओहममध्ये मिळव, डेसिबलचे दोन शतांशही पडत नाहीत. वीस हजार हर्ट्‌झ तुला या वयातही ऐकू येतात का, ते मी विचारत नाही.

भाचा : स्किन इफेक्ट?

मामा : तो मला सांगू नको. आयुष्य लायनीखाली गेलं माझं. वीस हजार हर्ट्‌झला करंट तांब्याच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये गोळा होतो, बरोबर. पण अडीच एमएमच्या तारेची त्रिज्याच पाऊण-एक मिलिमीटर. आत उरतं किती? पन्नास हर्ट्‌झला तो थर नऊ मिलिमीटरच्या वर जातो, म्हणून आम्हाला लठ्ठ कंडक्टरची चिंता. तुला कशाची?

इथे मला वाटलं, मामांनी डाव मारला. पण भाचा ज्या गोष्टीवर येऊन थांबला ती वेणीच्या विरोधातली होती, आणि ती त्याने स्वतःहून काढली. यासाठी त्याला गुण द्यायला हवेत.

भाचा : एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही मामा. तारा बिलगल्या की इंडक्टन्स उतरतो, पण कपॅसिटन्स चढतो. लॅन केबलच्या एका जोडीचा मीटरला पन्नास पिकोफॅरड. माझ्या वेणीत तीन पदरांत मिळून अशा बारा जोड्या समांतर. पाच मीटरला तीन हजार पिकोफॅरड तर नुसत्या जोड्यांचेच, शेजारच्या जोड्या एकमेकींना लागून आहेत त्यांचे वरून वेगळे.

मामा : मग?

भाचा : काही अँपना हे सोसत नाही. इंग्लंडच्या नेम कंपनीच्या जुन्या अँपमध्ये आउटपुटला कॉइलच नसायची. केबलचाच इंडक्टन्स धरून त्यांनी डिझाइन केलेलं. ते स्वतःची केबल वापरा म्हणायचे, अन् तीही निदान साडेतीन मीटर. अशा अँपला माझी वेणी लावली तर अँप ऐकू न येणाऱ्या सुरात स्वतःच गायला लागेल, तापेल अन् जळेल. अमेरिकेत पोल्क कंपनीनं एक विणलेली केबल काढली होती, तिनं लोकांचे अँप खरंच जाळले.

मामा : तुझा अँप?

भाचा : त्याला कॉइल आहे. उघडून पाहिली आहे मी.

मामा : (माझ्याकडे वळून) संगीत शिकवतो म्हणून सांगते याची आई!

त्यानंतर मोजायचं ठरलं. इथे मामांचा पेशा कामी आला. साधा मल्टिमीटर ओहमच्या खुणेवर ठेवून केबल मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही. मीटरच्या स्वतःच्या लाल-काळ्या वायरींचाच रेझिस्टन्स केबलपेक्षा जास्त भरतो. मामांनी इन्व्हर्टरची बॅटरी पुढे ओढली. गाडीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा बल्ब घेतला. केबलची लांबची दोन टोकं एकमेकांना पिळून जोडली आणि बॅटरी, बल्ब, केबल अशी साखळी केली. बल्ब पेटला म्हणजे केबलमधून पावणेदोन अँपिअर करंट वाहतोय. आता मीटर व्होल्टवर ठेवून केबलच्या जवळच्या दोन टोकांवर टेकवायचा. मीटरच्या वायरींतून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांचा रेझिस्टन्स हिशेबातून गळतो. जे दिसतं ते केबलचं.

जुनी वायर लावली. अर्ध्या व्होल्टच्या जरा आत. वहीतल्या पाव ओहमशी जुळलं. वर्ध्याच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत हेच मोजलं असतं तर वीस अंशांपेक्षा दहा टक्के जास्त भरलं असतं. तांब्याचा स्वभावच तसा. भाच्याने इथेही टोचलं की तेच तांबं स्पीकरच्या आतल्या कॉइलमध्येही आहे, आणि मोठ्याने वाजवलं की ती कॉइल उन्हाहून कितीतरी जास्त तापते. तिथे जाणारा आवाज केबलच्या सगळ्या हिशेबाला पुरून उरतो. मामांनी मान डोलावली.

मग वेणी.

मामा : लॅनच्या एका तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला चौऱ्याऐंशी ओहम. बारा समांतर, म्हणजे सात. दहा मीटरला सात शतांश. पावणेदोन अँपिअरला मीटरवर ०.१२ यायला पाहिजे. लाव.

भाचा : ०.१९… ०.२०.

मामा : परत लाव. टोकं घासून लाव.

भाचा : ०.२०च येऊन राहिलं.

मामा : ब्लेड दे.

त्यांनी एका तारेचं टोक तिरकं कापलं आणि नखाने घासून खिडकीशी धरलं. कडेला तांबडी रेघ, आत पांढरा गाभा. ही तार तांब्याची नव्हतीच. ऍल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा होता. रेझिस्टन्स दीडपटीच्या वर का आला ते दिसलं. सोल्डर करताना काही तारा हातातच तुटत होत्या, तेही भाच्याला तेव्हा आठवलं. बाजारात अशी केबल भरपूर मिळते; वेष्टनावर तांब्याचा उल्लेख ठळक आणि मुलाम्याचा बारीक असतो, किंवा नसतोच. घेताना वजन हातात तोलून पाहायचं, नाहीतर टोक खरवडायचं.

भाचा : म्हणजे सगळं पाण्यात.

मामा : पाण्यात काऊन? ऍल्युमिनियम काय पाप आहे? वर्ध्याला येणारी वीज ऍल्युमिनियमच्याच तारांवरून येते, मधे पोलादाचा गाभा घातलेल्या. बारा तारा आहेत तुझ्याकडे, तरी जुन्या वायरीच्या निम्म्याहून कमीच रेझिस्टन्स आहे. तांब्याचे पैसे घेऊन ऍल्युमिनियम दिलं, एवढंच वाईट. अन् जोडाची काळजी घे. मुलामा खरवडला गेला तर खालच्या ऍल्युमिनियमवर लगेच ऑक्साइड धरतो. नुसती पिळून स्क्रूखाली देऊ नको, लग दाबून बसव. सोल्डरचा लेप देऊन तर अजिबात देऊ नको; सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू बसतो अन् स्क्रू ढिला पडतो.

भाचा : विकतची घेतली असती तर हे कळलंच नसतं.

मामा : विकतची? २००७ मध्ये अमेरिकेत पेअर नावाच्या कंपनीच्या स्पीकर केबलवरून भांडण झालं होतं. बारा फुटांच्या जोडीचे सव्वासात हजार डॉलर. जादूगार जेम्स रँडी म्हणाले, डोळे झाकून हिच्यात अन् साध्या केबलीत फरक ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर देतो. कंपनीनं अंग काढून घेतलं.

भाचा : म्हणूनच तर घरी बनवली! हे वर्धा आहे मामा. मगनवाडी इथून हाकेच्या अंतरावर. गांधीजींनी १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं ते कशासाठी? हातानं करता येतं ते हातानं करा म्हणूनच ना?

मामा : अर्धंच सांगतोस. १९२९ मध्ये चरखा संघानं सुधारित चरख्याला एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी वाच. आठ तासांत सोळा हजार फूट सूत, नंबर बारा ते वीस. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वीस वर्षं चालला पाहिजे. दुरुस्तीचा खर्चही बांधून दिलेला. लोकांनी चरखे बनवले, पण अटीत एकही उतरला नाही अन् बक्षीस कोणालाच दिलं नाही. हातानं बनवलं म्हणून माप माफ, असं गांधीजींनी कधी म्हटलं नाही.

मामांचा हा मुद्दा मला सगळ्या संवादात सर्वांत जास्त आवडला. घरी केलेल्या गोष्टीकडे आपण मायेने पाहतो, आणि मायेने पाहिलं की फूटपट्टी बाजूला पडते. पण भाच्याचीही एक बाजू उरते. मोजून मोजून मामा ज्या निष्कर्षावर आले, तो म्हणजे जाड वायर चांगली, जोड घट्ट हवा आणि नक्कल ओळखता आली पाहिजे. तिथे त्यांना भाच्याच्या वेणीनेच आणलं. तेवीस-शहात्तर त्या घरात कित्येक वर्षं बिनतक्रार पडून होती.

जुन्या वायरीची टोकं मी हातात घेऊन पाहिली. स्पीकरच्या बाजूची काळीहिरवी झाली होती आणि स्प्रिंगच्या क्लिपमध्ये जेमतेम अर्ध्या तारा अडकल्या होत्या, बाकीच्या बाहेर विस्कटलेल्या. मामांना लगेच वाटलं की एका बाजूचं प्लस-मायनस उलटं असणार, म्हणून खर्ज गळत होता. पेन्सिल सेल लावून पाहिला: प्लसला प्लस लावलं की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरचे पडदे बाहेरच आले. जुनी जोडणी बरोबर होती, मामांचा अंदाज चुकला. तरी वायर बदलताना भाच्याने क्लिप पुसल्या, टोकं नवी कापली, स्पीकर भिंतीपासून ओढून परत ठेवले. वायर आणि या तिन्ही गोष्टींपैकी तानपुरा कशाने खुलला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

भाचा : मला सांगता येतं. मी ऐकलं.

मामा : ऐकलंस हे कबूल. कशामुळे, ते ऐकू येत नसतं. १९८३ मध्ये स्टिरिओ रिव्ह्यू मासिकानं चाचणी घेतली होती. एक महागडी केबल, एक सोळा गेजची साधी, एक चोवीस गेजची अगदी बारीक. कुठली लावली ते सांगायचं नाही. पंखा घरघरल्यासारखा सपाट आवाज लावला तेव्हा बारीक केबल ओळखू आली. गाण्यावर महागडी अन् सोळा गेजची एकीपासून दुसरी ओळखू आली नाही.

भाचा : म्हणजे बारीक ओळखू आली! माझी जुनी बारीकच होती.

मामा : हौ. म्हणून तुझी वेणी चांगली वाजते हे मी मान्य करून राहिलो. वेणी आहे म्हणून चांगली वाजते, हे मान्य नाही.

भाचा : मग इथेच करू चाचणी. मामी वायर बदलेल, आपण पाठ करून बसू.

मामा : वायर बदलायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटांत कान आधीचं विसरतो अन् मन नवीन रचतं. त्यापेक्षा सोपं सांगतो. शाळेत व्हीटस्टनचा पूल शिकला होतास?

भाचा : मार्कांपुरता.

मामा : अँपच्या एकाच चॅनेलला दोन्ही केबली लाव. एकीच्या टोकाला डावा स्पीकर, दुसरीच्या टोकाला उजवा. आवाज बेतानं ठेव, एकाच चॅनेलवर दोन स्पीकर म्हणजे तीन ओहमचा भार होतो. आता दोन्ही स्पीकरच्या प्लस टर्मिनलांच्या मधे हा इयरफोन. दोन्हीकडे तेच पोचत असेल तर इयरफोन गप्प बसेल. जे ऐकू येईल तो निव्वळ फरक.

भाच्याने जोडलं. इयरफोन कानात घालून तो वाकला. वसंतराव देशपांडे सुरू झाले. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे घडलेला तो गळा खोलीभर दोन्ही स्पीकरमधून आला.

भाचा : येऊन राहिलं. बारीक, पण स्वच्छ ऐकू येतं.

मामा : येणारच. एका बाजूला पाव ओहम, दुसऱ्या बाजूला अकरा शतांश. आता तेवीस-शहात्तर काढ अन् ही अडीच एमएम लाव. स्वयंपाकघराच्या वायरिंगमधून उरलेली.

भाचा : (लावून) फारच कमी झालं… पण आहे, मामा.

मामा : थोडं राहणारच. तुझे दोन स्पीकर जुळे थोडेच आहेत?

भाचा : मग स्पीकर अदलाबदल करतो. तोच फरक राहिला तर वेणीचा, बदलला तर स्पीकरचाही.

मामा : (माझ्याकडे पाहत) आलं याला! कर. आधी अँप बंद कर, नाहीतर टोकाला टोक लागून तेवढ्यासाठी आउटपुट उडवशील.